सल्ला देणाऱ्याचं पूर्ण नाव

ज्यांच्या परसात बिंबलाचं झाड आहे त्यांनी हे आधी वाचावं. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचावं, कारण झाड नुसतं निमित्त झालं.

मी दस्तलेखक आहे. मालवणात तहसीलदार कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे आणि बावीस वर्षं मी तिथे लोकांची प्रतिज्ञापत्रं, अर्ज, संमतिपत्रं टाइप करत आलो आहे. माणूस समोर बसला की मी आधी चार गोष्टी विचारतो. पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार कुठे. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय मशीनला हात लावत नाही. निनावी अर्ज मी जन्मात लिहून दिलेला नाही. एकदा एक गृहस्थ शेजाऱ्याची तक्रार घेऊन आले आणि नाव घालायचं नाही म्हणाले. "मगे घराक जावा आणि भिंतीक सांगा," असं म्हणून मी त्यांना उठवलं होतं. ही माझी बढाई आताच सांगून ठेवतो, कारण पुढे ती माझ्याच अंगावर येणार आहे.

पी हळद

२००८ सालच्या सुरुवातीला गावात फुकट तपासणीचं शिबिर झालं. फुकट म्हणून गेलो आणि कोलेस्ट्रॉल घेऊन आलो. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि तळलेलं जरा कमी करा म्हणाले. मी विचारलं, गोळी किती दिवस घ्यायची? "चालू राहील," ते म्हणाले. हे 'चालू राहील' मला फार लागलं. एकोणपन्नासाव्या वर्षी जन्मठेप झाल्यासारखं वाटलं.

त्याच सुमाराला घरात संगणक आला होता. टाइपरायटरचे दिवस संपत आले, बाबांनी शिकून घ्यावं, हा माझ्या मुलीचा हट्ट. मृणाल तेव्हा कॉलेजात होती. तिने मला मराठीत टाइप कसं करायचं ते दाखवलं आणि मराठी माणसं जमतात असं एक संकेतस्थळ उघडून दिलं. पुण्याचे, अमेरिकेचे, कुठकुठचे लोक तिथे लिहायचे आणि सगळे टोपणनावाने. मीही 'खाडीकाठ' असं नाव घेतलं. मालवणच्या बाजाराबद्दल, रापणीच्या मासेमारीबद्दल दोन-चार आठवणी लिहिल्या तर लोक धावून आले. वा, क्या बात है, अजून लिहा. बावीस वर्षं लिहितोय, पण माझ्या लिहिण्याला वा कुणी म्हटलं नव्हतं. खरेदीखत वाचून कोण वा म्हणणार? मी पुरता चढलो.

तिथेच 'निसर्गमित्र' नावाच्या कुणीतरी लिहिलं की बिंबलाचा रस रिकाम्या पोटी पेलाभर, एकवीस दिवस घेतला, तर कोलेस्ट्रॉल लोण्यासारखं वितळतं. डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांची दुकानं बंद होतील. पी हळद आणि हो गोरी, असं मी एरवी दुसऱ्या कुणाला हसून म्हटलं असतं. पण बिंबल! बोटाएवढं ते हिरवं फळ आमच्या विहिरीजवळच्या झाडाच्या खोडाला नुसतं लगडलेलं असतं. इतकं आंबट की बांगड्याच्या तिखल्यात दोन टाकल्यावर तिसरं टाकायची हिंमत होत नाही. बाकीचं खाली पडून कुजतं. त्या आमच्या झाडाला अमेरिकेतली माणसं औषध म्हणत होती. मला अभिमान वाटला. आणि परसातलं ते आपलंच, आपलं आपल्याला कसं बाधेल, हेही मनात होतंच. आमच्याकडे बाजारातल्या गोळीला भितात, परसातल्या पाल्याला कुणी भीत नाही.

बायकोने पहिल्याच सकाळी मिक्सरचं भांडं हुंगून पाहिलं. तिचं नाव सुलभा.

"अवो, ह्या बिंबलान मी समई घासतंय. पितळेचो डाग जाता तेच्यान. तुमच्या पोटाचा काय होतला?"

"लिहिलंय तसं करतोय."

"कोणी लिवल्यान? तेचा नाव काय? गाव खंयचो?"

"निसर्गमित्र."

"ह्या काय नाव झाला?" ती म्हणाली आणि समई घासायला निघून गेली.

माझेच प्रश्न होते ते. मला त्या सकाळी ते ऐकूसुद्धा आले नाहीत.

वीस-पंचवीस बिंबलं, थोडं मीठ, पेलाभर रस. गोळी कपाटात. दात आंबायचे, घशाची आग व्हायची, पण मी पीत राहिलो. मध्ये एकदा संकेतस्थळावर निसर्गमित्रांचे आभार मानणाऱ्या चार ओळीही खरडल्या. त्या ओळींबद्दल पुढे सांगावंच लागेल.

उचकी

पंधराव्या दिवशी उचकी लागली. "कोणीतरी आठवण काढता," म्हणून मृणाल हसली. ती उचकी रात्रंदिवस थांबेना. मग मळमळ सुरू झाली आणि तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव आली. शिमग्याचे दिवस, घरात पाहुणे, आणि मला माशाचा वास सहन होईना. मालवणी माणसाला माशाचा वास नको झाला म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र समजत होतो की शरीरातलं विष बाहेर पडतंय, कारण तसंही तिथे लिहिलेलं होतं.

अठराव्या दिवशी पायात चपला जाईनात. लघवीला जाऊन किती वेळ झाला ते आठवून पाहिलं तर आदल्या दुपारपासून गेलोच नव्हतो. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद वाचला आणि मला काही न सांगता बाहेर जाऊन गाडी बोलावली. कुडाळ, सावंतवाडी, बांदा असं करत आम्ही गोव्याच्या इस्पितळात पोचलो तेव्हा मी सुलभाच्या मांडीवर डोकं ठेवून दर मिनिटाला उचक्या देत होतो.

तिथे एक तरुण डॉक्टरीण आल्या. त्यांनी तो कागद दोनदा पाहिला. एकच्या आसपास असायला हवा असा एक आकडा असतो, तो माझ्या रक्तात नऊच्या पुढे होता.

"तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद आहेत," त्या म्हणाल्या. "काही काढा, पावडर, जडीबुटी घेतलीत?"

"नाही."

"वेदनेच्या गोळ्या? भस्म? आठवून सांगा."

"नाही हो, काहीच नाही."

मी खोटं बोलत नव्हतो. बिंबल हे औषध नव्हे, ते आमटीत पडतं. तिसऱ्यांदा मी नाही म्हटलं तेव्हा दारातून सुलभा बोलली. कधी नव्हे ते शुद्ध मराठीत बोलली. "बिंबलाचा रस घेतात. अठरा दिवस. पेलाभर."

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्या गोव्याच्याच, त्यांना झाड माहीत होतं. "पेलाभर? रोज?" त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं की त्या फळात एक तीव्र आम्ल असतं, कालवणात दोन-तीन पडली तर शरीराला ते झेपतं, पण एवढं एकदम गेलं की त्याचे खडे होतात आणि चाळणीत वाळू भरावी तसे किडनीत अडकतात. पुढे सुईने तुकडा काढून तपासला तेव्हा ते खडे दिसलेच.

"तुम्हांला हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. निसर्गमित्र हा शब्द त्या पांढऱ्या खोलीत माझ्या तोंडातून बाहेर पडेना. मी त्या माणसाच्या शब्दावर किडन्या घालवल्या होत्या आणि तो पुरुष आहे की बाई हेही मला माहीत नव्हतं. आजही तो क्षण आठवला की मला डायलिसिसपेक्षा त्याचीच भीती वाटते.

भांडं

तेवीस दिवस तिथे काढले. सात वेळा डायलिसिस झालं. यातून जाणाऱ्यांना एवढंच सांगतो की दुखतं त्यापेक्षा भीतीच जास्त वाटते. आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं आणि ते परत येईल यावर विश्वास ठेवून चार तास पडून राहायचं असतं. पहिल्या वेळी मी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गोयंकाराने सांगितलं, "नळयेक पळय नाका, पंख्याक पळय." मी पंख्याकडे पाहायला शिकलो.

पाणी मोजून मिळायचं. दिवसाला एवढंसं. सिस्टर कधी ओल्या कापसाने ओठ पुसायची तर ते अमृत वाटायचं. अमृत हा शब्द मी आता जपून वापरतो, त्याचं कारणही पुढे येईल.

सुलभा माझ्याशी बोलत नव्हती. सगळं करायची, अंग पुसायची, भांडं उचलायची, पण बोलायची नाही. मृणाल सुट्टी घेऊन आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसून रडली. "मीच शिकवलंय तुमका. मीच ता पान उघडून दिलंय." तिची परीक्षा तोंडावर होती. वीस वर्षांच्या पोरीने बापाच्या मूर्खपणाचं ओझं डोक्यावर घेतलेलं पाहून मला पहिल्यांदा मरावंसं वाटलं. मी तिला म्हटलं की तू दार उघडून दिलंस, विहिरीत उडी मी मारली.

सतराव्या दिवशी लघवी झाली. भांड्यात तळ झाकेल एवढीच. सुलभाने ते भांडं खिडकीच्या उजेडात धरून तीर्थासारखं निरखलं आणि इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य बोलली. "झाली गो बाय एकदाची." हे वाक्य मला नव्हतं, देवीला होतं. पण मी ते माझंच धरून चाललो.

घरी आल्यावर आधी मी ते झाड तोडायला माणूस बोलावला. सुलभाने त्याला परत पाठवलं. "झाडान सांगलेला काय तुमका, माका पिवा म्हणान?"

बाळा वकील

अंगात ताकद आली तसा राग आला. असा राग मला कधी आला नव्हता. त्या निसर्गमित्राला कोर्टात खेचायचं, त्या संकेतस्थळाच्या चालकाला खेचायचं, हे एकच डोक्यात. बाळा वकील माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो.

"नोटीस काढतंय मी," बाळा म्हणाला आणि कागद ओढला. "हां, सांग. पूर्ण नाव?"

"निसर्गमित्र."

"वय? धंदो? रवता खंय?"

बाळाचं पेन कागदावरच थांबलं.

"पैसे घेतल्यान तुझ्याकडसून?"

"नाय."

"डॉक्टर आसंय, वैद्य आसंय, असा खंय लिवल्यान?"

"नाय रे."

"मगे तुझो-तेचो संबंध काय धरू? वाटेत कोणी सांगल्यान हयसून उडी मार, आणि तू मारलंस, तर मी कोणाक धरू? धरूक येता, तसा नाय नाय. पण कायद्याक आदी माणूस लागता." चालकांचं काय, म्हणून मी विचारलं. त्याने माझ्याकडून त्या पानाची माहिती घेतली. तळाशी लिहिलेलं असायचं की येथील मजकुराची जबाबदारी ज्याची त्याची. "बघ, ज्येची तेची," बाळा म्हणाला. "आणि ज्येची ती, तो वाऱ्यार. तू एक कर. ती सगळी चर्चा पयल्यापासून कागदार छापून घेवन ये. एक शबुद सोडू नको."

मृणालने सगळी पानं छापून दिली. इस्पितळात गेल्यापासून मी ते संकेतस्थळ उघडलंच नव्हतं, त्या पडद्याची मला किळस बसली होती. दुसऱ्या दिवशी बाळा एकेक पान मोठ्याने वाचू लागला. निसर्गमित्राचा सल्ला आला तेव्हा मी मुठी आवळल्या. मग वाहवा करणारे आले. मग बाळा थबकला आणि चष्मा पुसून पुढचं वाचलं.

"मित्रहो, निसर्गमित्रांचा सल्ला मी स्वतः पाळला. नवव्या दिवशी रक्त तपासलं. कोलेस्ट्रॉल निम्म्यावर! गोळी बंद केली आहे. बिनधास्त घ्या, हे आमच्या कोकणचं अमृत आहे. खाडीकाठ."

"खाडीकाठ म्हणजे कोण रे?" बाळाने विचारलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्याने कागद खाली ठेवला. "तपासणी खंय केलंस तू?"

"केलंय नाय."

"मगे ह्या काय?"

काय सांगू? नऊ दिवस झाले होते, अंग हलकं वाटत होतं, आकडा उतरलाच असणार असं मी धरून चाललो होतो. आणि नुसतं 'हलकं वाटतं' लिहिलं तर वा कोण म्हणणार? आकडा घातला की लिखाणाला वजन येतं, हे दस्तलेखकाला कुणी शिकवायला नको.

"ह्या शपथेर लिवन दिशीत?" बाळाने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. शपथेवर मी यातला एक शब्दही लिहिला नसता. नाव घालायचं नव्हतं म्हणून लिहिला.

बाळाने पुढचं पान उलटलं आणि ते माझ्याच हातात दिलं. ते मोठ्याने वाचायला तो तयार नव्हता. सुजाता नावाच्या बाईने लिहिलं होतं. एवढ्या सगळ्या पानांत खरं नाव वाटावं असं तेवढंच एक. "खाडीकाठ, तुमचा अनुभव वाचून धीर आला. तुम्ही आमच्याच भागातले दिसता, म्हणून विश्वास बसला. आईला मधुमेह आहे, कोलेस्ट्रॉलही वाढलंय. घरी झाड आहे. तिला सुरू करते आहे." त्याखाली कालची तारीख घालून पुन्हा तिचंच. "आईचा आज चौथा दिवस. मळमळ होते. खाडीकाठ, तुम्हांला झाली होती का? कृपया लवकर सांगा." आणि त्याखाली निसर्गमित्र. "मळमळ म्हणजे विष बाहेर पडत आहे. थांबवू नका."

महिनाभर मी एका निनावी माणसाला शिव्या घालत होतो, आणि एका बाईने मला हाक मारून विचारलं होतं आणि मी तिथे नव्हतो. तिच्या आईच्या तोंडाशी पेला मी लावला होता.

"आत्ताच्या आत्ता लिव, थांबव म्हणान," बाळा म्हणाला. "पण टोपणनावान. खरा नाव घालू नको. उद्या तिच्या आवशीक काय झाला, तर तुझोच कागद तुझ्या गळ्यात येतलो. मी मित्र म्हणान सांगतंय आणि वकील म्हणान पण सांगतंय."

लिहून देतो की

मी घरी धावलो. तीन आठवडे पाय उचलत नव्हते ते त्या दिवशी उचलले. खाडीकाठ या नावाने लिहिलं की रस ताबडतोब थांबवा, माझ्या किडन्या बंद पडल्या, मी मरता मरता वाचलो. सुजाता यांना वेगळा निरोपही पाठवला. मग पडद्यासमोर बसून राहिलो.

अर्ध्या तासात उत्तरं आली. निसर्गमित्राने लिहिलं की काल अमृत म्हणणारे आज विष म्हणतात, कोणत्या औषध कंपनीने गाठलं? दुसऱ्याने विचारलं, खाडीकाठांचं खातं कुणी चोरलं का? तिसऱ्याने हसणारं तोंड काढलं. एकाने मात्र सरळ लिहिलं होतं. "एवढं खरं असेल तर नाव-पत्ता द्या. नावाशिवाय कोण विश्वास ठेवणार?"

त्या अनोळखी माणसाने मला माझ्याच टेबलासमोर बसवलं. सुजाताचं उत्तर नव्हतं. पाचवा दिवस उलटत होता.

मी सुलभाला आणि मृणालला बोलावून सगळं सांगितलं. ते खोटं सांगितलं, बाळा काय म्हणाला तेही सांगितलं. मृणाल घाबरली. "बाबा, कोर्टात ओढतीत तुमका. गावात काय म्हणतीत?"

सुलभाने हातातलं काम बाजूला ठेवलं. आता ही पुन्हा महिनाभर बोलणार नाही, असं मला वाटलं. "घाला नाव," ती म्हणाली. "आणि साक्षीक माझा घाला. मी बघितलंय सगळा."

मग मी मला येतं तसं लिहिलं. "मी, दिनकर सखाराम पेडणेकर, वय ४९ वर्षे, धंदा दस्तलेखन, राहणार मालवण, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, खाडीकाठ या नावाने लिहिणारा मीच. मी नवव्या दिवशी कोणतीही तपासणी केली नव्हती. आकडा निम्म्यावर आल्याचे मी खोटे लिहिले. अठरा दिवस हा रस प्यायल्याने माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. इस्पितळाचा कागद सोबत जोडला आहे. वरील मजकुराची संपूर्ण जबाबदारी माझी आहे." खाली साक्षीदार सुलभा दिनकर पेडणेकर. त्याखाली घरचा फोन. मृणालने इस्पितळाच्या कागदाचा फोटो काढून चढवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता फोन वाजला.

"दिनकर पेडणेकर?" बाईचा आवाज. "मी सुजाता. वालावलची."

वालावल! कुडाळच्या अलीकडे, एका तासाची वाट. आमच्या भागातली म्हणजे कोकणात कुठेतरी लांबची असेल, अशी माझी समजूत होती.

"आजपण दिलंस रस?"

"सकाळी दिलंय. मगे तुमचा वाचलंय." ती थांबली. "आईक उचकी लागली हा. कालपासून थांबत नाय."

मी फोनमध्ये ओरडलो. असा ओरडलो की सुलभा विहिरीवरून धावत आली. गाडी कर, गोव्याक ने, वाटेत खंय थांबू नको, तिथल्या डॉक्टरीणबाईंना माझं नाव सांग. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुमचा नाव वाचलंय म्हणान फोन केलंय. निसर्गमित्रांका खंय करू? तेंचो फोनच नाय." आणि फोन ठेवला.

सही

माझी किडनी परत आली. पूर्ण नाही, पण मी कामाला जातो, मासे खातो, कोलेस्ट्रॉलची ती गोळी न चुकता घेतो आणि 'चालू राहील' याचा मला आता राग येत नाही. निसर्गमित्र हे लिहीपर्यंत कुणाला सापडलेला नाही. माझ्या प्रतिज्ञापत्रानंतर त्याने तिथे पुन्हा काही लिहिलं नाही. दुसऱ्या कुठल्या नावाने कुठे लिहीत असेल, देव जाणे.

सुजाताच्या आईची किडनी परत आली नाही. वय जास्त, त्यात मधुमेह. सहा दिवसच प्यायली ती, पण तिच्यासाठी ते पुरेसे होते. फोनवरून एवढंच कळत होतं की आठवड्यातून दोनदा तिला गोव्याला न्यावं लागतं. सुजाता मला कधी वाईट बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

गणपतीच्या थोडं आधी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक तिशीची बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी होती.

"तुमीच काय ते?" तिने विचारलं.

मी ओळखलं. "व्हय. बस."

ती बसली. माझ्याकडे, माझ्या पायांकडे, मशीनकडे पाहत राहिली. आई कशी आहे हे विचारायचा धीर होईना.

"माका तक्रार लिवची आसा," ती म्हणाली. "पोलिसांत देवची."

मी कार्बन घालून कागद चढवले. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून सवयीने विचारलं, पूर्ण नाव? तिने सांगितलं. वय एकतीस. पतपेढीत कारकून. राहणार वालावल. मजकूर ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. आईला कोणत्या तारखेला पहिला पेला दिला, तिथे ती एकदा थांबली आणि तिने पाणी मागितलं.

"कोणाविरुद्ध?" मी विचारलं.

"निसर्गमित्र."

मी टाइप केलं. सामनेवाला क्रमांक एक, निसर्गमित्र, पूर्ण नाव माहीत नाही, वय माहीत नाही, राहणार माहीत नाही. एवढ्या वर्षांत माझ्या मशीनमधून अशी ओळ निघाली नव्हती.

"असो अर्ज घेवचे नाय," मी म्हणालो. "एक तरी पुरो पत्तो लागता."

तिने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यासमोर उघडून ठेवला. माझं प्रतिज्ञापत्र होतं, तिने छापून घेतलेलं. घड्यांवर फाटायला आलं होतं.

"ह्याच्यार आसा," ती म्हणाली.

मी त्यातून पाहून टाइप केलं, जसं कुणाही पक्षकाराचं करतो. सामनेवाला क्रमांक दोन, दिनकर सखाराम पेडणेकर, वय ४९ वर्षे, धंदा दस्तलेखन, राहणार मालवण. पुढे तिने सांगितलं नव्हतं ते वाक्यही घातलं, की सदर इसमाने तपासणी न करता तपासणी केल्याचे खोटे लिहिले आणि त्यावर विसंबून अर्जदाराने आईस रस दिला. कागद काढून तिच्या हातात दिला. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एकही ओळ न गाळता.

"सही खंय करू?" तिने विचारलं.

मी बोट ठेवून जागा दाखवली.